घाटाच्या पायथ्याशी बंद पडणारी मोटार

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीची दोन दुखणी सर्वांत जुनी आणि सर्वांत फसवी समजली जातात. चालता चालता इंजिन बंद पडणे हे पहिले; गाडी उभी असताना, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, इंजिनाने एका लयीत न चालता थरथरत आणि अडखळत राहणे हे दुसरे, आणि त्याला गॅरेजच्या भाषेत ‘आयडलिंग बिघडणे’ किंवा ‘गाडी स्लोवर न राहणे’ असे म्हणतात. ही दुखणी ओळखून दूर करण्याची विद्या विसाव्या शतकात महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. परंतु रायगड जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत तिची कसोटी अधिक कडक होती, कारण मुंबईहून निघालेली मोटार सपाटी संपवून बोर घाटाला भिडते ती याच पट्ट्यात, आणि मैदानात झाकून राहिलेला इंजिनाचा दोष चढावर उघडा पडतो. उल्हास नदीने कर्जतपासून वेगळे केलेले, तरीही आज कर्जत नगरपरिषदेच्याच हद्दीत असलेले दहिवली हे या पट्ट्यातील एक गाव असून, नेरळ-कल्याण, मुरबाड, चौक-पनवेल आणि खोपोलीकडचे रस्ते कर्जत-दहिवलीच्या परिसरात एकमेकांना मिळतात. या भागातील मोटारदुरुस्तीचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी घाटाचा इतिहास पाहावा लागतो.

बोर घाटातून चाकांची वाहने सुखरूप नेता येतील असा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत कॅप्टन ह्यूज यांनी बांधला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो वाहतुकीस खुला झाला. त्याच काळातील, पुढे अमृतांजन पूल या नावाने ओळखला गेलेला दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली, घाटमाथ्यावरचा खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि मधला चढ रेल्वेने जोडला गेला तो २१ एप्रिल १८६३ रोजी. मधल्या पाच वर्षांत प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, घोड्यावर किंवा गाडीने घाट चढत आणि वर पुन्हा आगगाडीत बसत. घाटाच्या पायथ्याशी थांबणे, पुढच्या चढाची तयारी करणे आणि त्यासाठी स्थानिक माणसांच्या मदतीवर विसंबणे ही या भागाची रीत मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. रेल्वेने ती वेगळ्या रूपात कायम ठेवली, कारण ३७ फुटांना १ फूट अशा तीव्र चढासाठी कर्जत स्थानकात गाड्यांना मागून रेटा देणारी ‘बँकर’ इंजिने जोडली जातात आणि त्यामुळे इंजिन, वाफ, वंगण, ब्रेक यांच्याशी हात जुळलेला कामगारवर्ग कर्जतमध्ये एकोणिसाव्या शतकापासूनच नांदत होता. पुढे टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोलीला १९१५ मध्ये आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीला १९२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा यंत्र या गोष्टीचे अप्रूप या खोऱ्यात फारसे उरले नाही.

मुंबईत मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या, १९११ मध्ये तेथे टॅक्सी धावू लागली आणि १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने देशभरातील नोंदणी व परवाने यांना एक चौकट दिली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला, तेव्हा मोटार संस्थानिकांच्या आणि बड्या व्यापाऱ्यांच्या दारातून हळूहळू डॉक्टर, वकील आणि भाड्याने गाड्या चालवणाऱ्यांकडे जाऊ लागली. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या या वाहतुकीला घाट हा मोठा अडथळा होता. चढात तापलेले रेडिएटर थंड करायला पाणी लागे, उतारात ब्रेक जपावे लागत, आणि घाटातील शिंगरोबाच्या देवळापाशी नाणे वाहून पुढे जाण्याची चालकांची प्रथा अद्याप टिकून आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्मारक, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी, पण यंत्राच्या प्रवासातही स्थानिक वाटाड्याचे ऋण लोकस्मृतीने जपले आहे याची नोंद इतिहासकाराने घेतली पाहिजे.

या विद्येला खरे बळ मिळाले ते स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचे कारण टंचाई हे होते. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकी गाड्या जोडल्या, नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी बाजारात आणली. महाराष्ट्रात जिला लोक आजही ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती हीच. १९५३ च्या सुमारास सरकारी धोरणाने केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव ठेवला नाही, आयातीवर कडक बंधने आली, आणि पुढची तीस वर्षे भारतीय ग्राहकासमोर फियाट, हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढीच काय ती मोटारींची निवड राहिली. खडबडीत रस्त्यांसाठी महिंद्रांची जीप होती. १९६४ मध्ये आलेल्या ११००-डी या नमुन्याला १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले, आणि १,०८९ घन सेंटिमीटरचे तिचे चार सिलिंडरांचे इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मूळ रचनेत फारसा बदल न होता बनत राहिले. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागत असल्याने जुनी गाडी टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. ती दुरुस्त होत होत एका मालकाकडून दुसऱ्याकडे आणि मुंबईहून तालुक्याच्या गावी सरकत जाई. एकच रचना इतकी दशके टिकल्यामुळे गॅरेजमधले ज्ञान साठत गेले, बापाने शिकलेले मुलाला जसेच्या तसे उपयोगी पडले, आणि कर्जतसारख्या लोकल गाडीच्या टोकाच्या गावाहून कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊन हवा तो सुटा भाग त्याच दिवशी आणता येई, ही सोय तर आणखी मोलाची होती.

हे ज्ञान समजण्यासाठी इंजिनाला मंद चालताना काय लागते ते पाहिले पाहिजे. कार्बुरेटर हे पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळून इंजिनाला पुरवणारे साधन असून फियाटवर सोलेक्स जातीचा कार्बुरेटर असे. गाडी वेगात असताना त्यातल्या मुख्य वाटेने भरपूर हवा वाहते आणि तीच ‘मेन जेट’मधून, म्हणजे मोठ्या मोजक्या छिद्रातून, पेट्रोल ओढून घेते. पाय काढला की हवेची वाट अडवणारी थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते, मुख्य वाटेतला ओढा संपतो, आणि इंजिन ‘स्लो जेट’ या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या छिद्रातून येणाऱ्या पेट्रोलच्या धारेवर तग धरते. इतक्या थोड्या पुरवठ्यावर चालणाऱ्या इंजिनाला बंद पाडायला धुळीचा एक कण किंवा गॅस्केटच्या फटीतून शिरलेली थोडीशी जास्तीची हवा पुरेशी असते. म्हणून साठच्या वेगाने निर्वेध धावणारी गाडी फाटकापाशी थांबताच बंद पडते आणि मालक चक्रावून जातो, तर अनुभवी मिस्त्रीला तेवढ्या वर्णनावरूनच दोष मुख्य वाटेत नसून मंद चालीच्या वाटेत आहे हे कळते.

इंजिन बंद कसे पडले हा त्याचा पहिला प्रश्न असे, आणि या प्रश्नात सगळ्या निदानाचे मर्म होते. दिवा मालवावा तसे इंजिन एका क्षणात गप्प झाले तर ‘करंट’, म्हणजे ठिणगीचा पुरवठा, तुटला असे समजावे. धक्के देत, खोकत, ॲक्सिलरेटरला प्रतिसाद कमी करत हळूहळू थांबले तर पेट्रोल कमी पडले असे समजावे. त्यानंतर तपासणीचा क्रम बहुधा आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा, आणि सर्वांत शेवटी इंजिनाचे अंतरंग असा असे. या क्रमामागे विचार होता. ठिणगी पाहायला प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोड्या अंतरावर धरायचे आणि हँडल मारायचे एवढेच करावे लागे. ती निळी आणि कडक असेल तर पुढे जायचे, पिवळी आणि मरगळलेली असेल तर तिथेच थांबून कारण शोधायचे. ज्या तपासणीला वेळ आणि पैसा सर्वांत कमी लागतो ती प्रथम, आणि इंजिन उघडण्याची पाळी इतर सर्व शक्यता संपल्यावर, हा नियम ज्या गॅरेजमध्ये पाळला जाई त्याच गॅरेजवर लोकांचा विश्वास बसे.

ठिणगी निर्माण करणारी व्यवस्था सगळी यांत्रिक होती. बॅटरीच्या १२ व्होल्टचे ‘कॉइल’ हजारो व्होल्टमध्ये रूपांतर करते. ते करण्यासाठी प्रवाह नेमक्या क्षणी तोडावा लागतो, आणि ते काम ‘पॉइंट’ नावाची उघडझाप करणारी धातूची जोडी करते. प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला गॅरेजमध्ये ‘डेल्को’ म्हणतात. पॉइंट जळून खडबडीत झाले, त्यांच्यातले सुमारे ०.४ मिलिमीटरचे अंतर बदलले किंवा डेल्कोचा दांडा बुशात खेळू लागला, की मंद चाल लगेच डळमळते. मिस्त्री पॉइंट पॉलिश पेपरने घासून साफ करी, प्लगचे अंतर फिलर गेज हाताशी नसले तर हॅक्सॉच्या मोडक्या पात्याने मोजी, कारण त्या पात्याची जाडी प्लगला लागणाऱ्या ०.६ मिलिमीटरच्या अगदी जवळची असते. कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला चालू इंजिनाच्या प्लगांच्या वायरी एकेक करून काढायच्या, आणि जी काढल्यावर इंजिनाच्या चालीत फरकच पडत नाही तो सिलिंडर दोषी ठरवायचा. काढलेल्या प्लगचा रंग हा पुढचा पुरावा होता: फिका तपकिरी असेल तर प्रकृती ठीक, काजळीसारखा कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, आणि तेलकट काळा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेले. वैद्याच्या नाडीपरीक्षेत जसे बोटांना कळते तसे येथे कान, नाक आणि बोटे यांना कळत असे, आणि हँडल हाताने फिरवताना चारही सिलिंडरांचा दाब सारखा लागतो की एखाद्या ठिकाणी हात सैल पडतो, यावरून अनुभवी माणूस व्हॉल्व्हची अवस्था सांगे.

पेट्रोल आणि हवा यांच्या तपासणीत चोकचा उपयोग विशेष होता. चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करून मिश्रण दाट करणारी दोरी. गरम इंजिन मंद चालीत अडखळत असताना ती थोडी ओढली आणि चाल सुधारली, तर इंजिनाला कुठूनतरी फाजील हवा मिळते आहे किंवा स्लो जेट तुंबला आहे हे सिद्ध होई. चोक ओढल्यावर ते आणखी घुसमटले, धूर काळा आला, तर कार्बुरेटर ‘ओव्हर’ होतो आहे, म्हणजे पेट्रोलच्या वाटीतला तरंगणारा फ्लोट किंवा त्याची सुई बिघडून पेट्रोल ओतप्रोत वाहते आहे, असा निष्कर्ष निघे. जेट साफ करायचा तो तोंडाने किंवा हवेच्या दाबाने फुंकून. त्यात तार घालणाऱ्या मदतनिसाला चांगला मिस्त्री रागावत असे, कारण तारेने छिद्र किंचितही मोठे झाले की कारखान्याने ठरवलेले प्रमाण कायमचे बिघडते. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत इंजिन सर्वांत जलद आणि सर्वांत शांत कुठे चालते ते ऐकायचे आणि मग वेगाचा स्क्रू जुळवायचा, ही ‘ट्यूनिंग’ची अखेरची पायरी होती. मूळ दोष न शोधता नुसती ‘रेस वाढवून’ गाडी मालकाच्या हवाली करण्याची वाईट सवयही या धंद्यात होतीच, आणि तिच्यामुळे पेट्रोल वाया गेले, गाड्या तापल्या आणि प्रामाणिक कारागिरांचे नावही खराब झाले.

घाटपायथ्याने या सामान्य ज्ञानात स्वतःची भर घातली. चढात गाडी कमी वेगाने आणि जास्त ताणाने चालते, इंजिनावर बसवलेला पेट्रोलचा पंप, ज्याला गॅरेजमध्ये ‘एसी पंप’ म्हणतात, तापतो आणि त्याच्यातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही, आणि गाडी घाटातच उभी राहते. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबणे हा त्यावरचा उपाय चालकांनाही ठाऊक होता. परंतु कॉइल किंवा पॉइंटला जोडलेला कंडेन्सर आतून अशक्त झाला असेल तर तोही गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा साथ देतो, त्यामुळे दोन वेगळ्या रोगांचे लक्षण एकच दिसते: गाडी तापली की बंद, निवली की सुरू. फरक करण्याची वेळ फक्त बंद पडल्यानंतरची पहिली काही मिनिटे असते. त्या वेळात ठिणगी आणि कार्बुरेटरपर्यंत येणारे पेट्रोल हे दोन्ही तपासले नाही, तर गाडी सुरू होते आणि पुरावा नाहीसा होतो. घाटात अडलेल्या गाडीकडे खालून जो मिस्त्री जाई त्याला ही संधी मिळे, शहरातल्या गॅरेजला ती मिळत नसे, आणि घाटपायथ्याच्या कारागिराचा वरचढपणा मुख्यतः येथेच होता.

उंचीचा परिणाम कमी बोलला जातो, पण तोही खरा आहे. खोपोलीहून लोणावळ्याला पोहोचेपर्यंत मोटार साडेपाचशे मीटरहून अधिक वर जाते आणि हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. कार्बुरेटरला हे कळण्याची सोय नसल्यामुळे मिश्रण थोडे दाट होते, आणि खाली काठावर जुळवलेली मंद चाल वर गेल्यावर जड होते. माथेरानवर मोटारींना प्रवेश नसल्याने त्या दस्तुरी नाक्याशी थांबतात. नेरळहून तिथवर प्रवासी नेणाऱ्या टॅक्सींना हाच फरक दिवसातून अनेकदा सोसावा लागे. पावसाळ्यात कर्जत परिसरात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या दमट हवेत डेल्कोच्या झाकणात ओल धरून ठिणगी भलत्याच वाटेने निसटते. सकाळी झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसणे ही जून ते सप्टेंबरपर्यंतची नित्याची क्रिया होती. टाकीत उतरलेले पाणी आणि गंज यांचा जेटमध्ये जमणारा ‘कचरा’ हाही पावसाळ्याचाच पाहुणा. याशिवाय पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ हा महाग पेट्रोल आणि स्वस्त शिधापत्रिकेचे रॉकेल यांच्या किमतीतील तफावतीतून उपजलेला अपराध होता. शिधावाटपाच्या रॉकेलला निळा रंग देण्यात आला तो ही भेसळ ओळखता यावी म्हणूनच. भेसळीच्या पेट्रोलने प्लग काळे पडत, इंजिन चढात खटखटे आणि दोष मात्र मिस्त्रीच्या माथी येई.

या धंद्याचे शिक्षण बहुतेक ‘हाताखाली’ राहून झाले. लहान वयात पाने-पकडी धुण्यापासून सुरुवात, मग चाके, ब्रेक, आणि अनेक वर्षांनी कार्बुरेटरला हात लावण्याची परवानगी, अशी ती चढण होती. तिच्यात मुलांचे शाळेचे दिवस बुडाले हे नाकारता येत नाही, आणि त्या व्यवस्थेचे कौतुक करताना ही किंमत विसरणे अन्यायाचे होईल. १९५० नंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार मेकॅनिकचा रीतसर अभ्यासक्रम सुरू केला, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांत आणि एसटीच्या कार्यशाळांत शिकण्याची सोय केली. परंतु एसटीच्या गाड्या डिझेलच्या असल्याने पेट्रोल इंजिनाच्या मंद चालीचे बारकावे खासगी गॅरेजांतच शिकावे लागले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पाठोपाठ मारुतीची व्हॅन, जिचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने कार्बुरेटर पाहायला सीट उचलावी लागे. जुन्या विद्येने या गाड्यांनाही सामावून घेतले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी मंद चालीत इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा चारचाकी पेट्रोल गाडीसाठी ३ टक्के ठरवली, तेव्हा कानाने होणारे ट्यूनिंग प्रथमच मोजमापाच्या कक्षेत आले, आणि हे चांगलेच झाले. १ एप्रिल २००० पासून देशभर उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाल्यावर मात्र कार्बुरेटर नव्या मोटारींतून हळूहळू निघून गेला. पेट्रोलची फवारणी संगणक ठरवू लागला, पॉइंट आणि कंडेन्सर नाहीसे झाले, मिश्रणाचा स्क्रू उरला नाही. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूरच्या टोलनाक्यावरून सरळ घाट गाठणाऱ्या गाड्यांना गावातल्या गॅरेजपाशी थांबण्याचे कारण राहिले नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली.

तरीही ही विद्या निरुपयोगी झालेली नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांना स्वतंत्र नोंदणी दिली, आणि पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. दुसरीकडे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते, पाणी शोषून घेते, आणि स्वतःत ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटच्या मापाला मिश्रण विरळ करते, म्हणजे चढात बंद पडणे आणि मंद चालीत अडखळणे ही दोन्ही दुखणी नव्या कारणाने परत आली आहेत. जुनी गाडी बाळगणाऱ्याने नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे बसवावेत, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत आणि कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल साचू देऊ नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा.

कार्बुरेटरवर हात बसलेले या भागातील कारागीर आता वयस्क झाले आहेत, आणि त्यांच्या ज्ञानाचा मोठा भाग कोणत्याही मराठी पुस्तकात उतरलेला नाही. कर्जत, खालापूर आणि खोपोलीच्या ग्रंथालयांनी, महाविद्यालयांनी आणि प्रशिक्षण संस्थांनी त्यांच्या मुलाखती चालू इंजिनाशेजारी, आवाजासह ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, आणि हे काम येत्या काही वर्षांतच व्हावे.